चिरेतला थर

पडद्यावर सिलिकॉनची रेघ उंच उठली आणि तेजलचा हात माऊसवरच थांबला.

अंधेरीच्या प्रयोगशाळेतल्या त्या यंत्रात एका तुटक्या शाफ्टचा तुकडा होता. बोटीचा पंखा फिरवणारा शाफ्ट. क्ष-किरण पडले की धातूच्या अगदी वरच्या थरातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि डोळ्यांना न दिसणारा थरही कशाचा आहे ते कळतं. तेजल सहा वर्षं हेच काम करत होती. घरचा नमुना तिने पहिल्यांदाच आणला होता.

चार महिन्यांपूर्वी हा शाफ्ट समुद्रात तुटला. बोट खडकावर गेली. तिचे वडील महादू वाचले. भागीदार माणिकचा मुलगा दिपेश बुडाला. महादूच्या निष्काळजीपणाने पोरगा गेला, असं माणिक वर्सोव्याच्या बंदरावर भेटेल त्याला सांगे. महादू तेव्हापासून घराबाहेर पडला नव्हता. आई बाजारात बसली की शेजारच्या बाया टोपल्या उचलून दूर जात. आज चार वाजता कोळीवाड्याची बैठक होती. महादूची बोट कायमची बंद करायचं जवळजवळ ठरलंच होतं.

शाफ्टच्या धातूतच खोट निघेल, अशी तेजलला आशा होती. निघालं भलतंच. चीर जुनी होती. कुणीतरी ती सिलिकॉनच्या सीलंटने, फटी भरायच्या लुकणाने, बुजवून शाफ्ट पुन्हा बसवला होता.

वडिलांच्या बोटीला दुसरं कोण हात लावणार?

ती तीनला घरी पोचली. महादू भिंतीला टेकून बसला होता.

"बाबा, शाफ्टची चीर तू बुजवलीस?"

"नाय. दुरुस्ती माणिकनं केलेली. मना मागाहून समजलं."

तेजल त्याच्यासमोर खाली बसली आणि तिने प्रयोगशाळेचा अहवाल पुढे धरला. "मग हा घेऊन बैठकीला चल. आजच सुटशील यातून."

महादूने कागद घेतला, वाचता न येणाऱ्या आकड्यांवरून नजर फिरवली आणि चार तुकडे केले. मग उठून बाहेर जायचा सदरा चढवला.

"काय सांगणार आहेस तिथे?"

"चूक माजी, म्हणून सांगन."

"माणिककाकाला ठाऊक नाही का, चीर कुणी बुजवली ते?"

"ठाऊक हाय, बाय. मना शिव्या देतो, तवर विसरतो. तेवढाच जगतो."