एक जूनची पोरं

रत्नाबाईच्या पत्राला आठ महिने झाले होते. विश्राम गुरुजींनी अजून उत्तर दिलं नव्हतं.

'गुरुजी, शाळेत तुमी माझी जन्मतारीख एक जून लावली. आता नातवंडं खरी तारीख इचारत्यात. आई सांगायची, पानशेत फुटलं त्याच्या नंतरचा दुसरा शनिवार, बाजाराचा दिस. कुटली तारीख व्हती ती?'

एक्क्याऐंशी वर्षांचे गुरुजी तेवढ्यासाठी भरे गावातल्या फ्लॅटमध्ये, संगणकाच्या सी भाषेचं पुस्तक उघडून, कॅलेंडर छापणारा प्रोग्रॅम लिहीत होते. बसत, उठत, गॅलरीत जात, पुन्हा बसत.

त्यांनी वर्ष टाकलं, एकसष्ट. महिना सात. पडद्यावर तारखा उमटल्या. बाराला शनिवार.

"चुकलं. बाराला धरण फुटलं, तो बुधवार होता. मला नाही जमायचं हे."

हिंजवडीला कामावर निघालेली नात जुईली मागून वाकली. "आबा, सीमध्ये यादी शून्यापासून मोजतात, जानेवारी म्हणजे शून्य. सात टाकलंत म्हणून ऑगस्ट आला. आणि फोनवर हे एका मिनिटात दिसतं हो!"

"माहीत आहे."

"मग?"

"तिची आई शाळेच्या दारात हेच सांगत होती. मागे रांग लागलेली. मी मान वर न करता एक जून लिहिलं. सगळ्यांनाच लिहिलं. तेव्हाही मिनिटाचंच काम होतं."

जुईलीने बॅग खाली ठेवली.

गुरुजींनी महिन्यातून एक वजा केला. जुलै आला. बारा, बुधवार. मग शनिवारच्या रकान्यावरून त्यांचं बोट उतरलं. पंधरा. बावीस. तरी त्यांनी कागदावर हाताने पुन्हा मोजलं.

उत्तराचे तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहिलं, 'चि. रत्ना, २२ जुलै १९६१. तुझ्या आईने सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.'

टपालपेटीजवळ जयसिंग उभा होता. रत्नाच्याच वर्गातला, आता खोल्या भाड्याने देतो. त्याने पाकिटावरचं नाव वाचलं.

"रत्नीची तारीख घावली व्हय?"

"घावली." गुरुजींनी पाकीट पेटीत सोडलं. हात मात्र तिथेच राहिला. "जयसिंग, तुझीही काढून देतो. आई काय सांगायची तुझी?"

जयसिंग हसला. "मला कुटं सांगितलं तिनं? मी शाळेत गेलो त्याच साली गेली ती. तिनं तुमालाच सांगितलं असंल, गुरुजी."