दुसरी गादी

वडिलांनी पाय मोडेपर्यंत मारून आपल्या ड्रायव्हर मुलाला घराबाहेर काढलं, त्याचं खरं कारण त्याच्या ताईला कुणी सांगितलं नव्हतं. आज ती पहिल्यांदाच खोलीवर येणार, म्हणून त्याने दुसरी गादी घालून तिच्यावर नवी चादर पसरली.

"रूम पार्टनर म्हणायचं, बाकी तोंड उघडायचं नाही," त्याने कंपाउंडरला बजावलं. याच कंपाउंडरने दवाखान्यात त्याला पुन्हा पायावर उभं केलं होतं.

"नाही उघडत. माझ्या घरच्यांनी माझ्या नावाने केव्हाच आंघोळ केलीय. तुझी एक ताई तरी राहू दे."

ताई आली आणि नेमकी त्याच गादीवर टेकली. चादरीवर दुकानातल्या घड्या तशाच उठून दिसत होत्या. तिने त्यांवरून बोट फिरवलं.

"लहानपणी बाबांनी मारलं की हा रात्री ओरडत उठायचा," ती कंपाउंडरला म्हणाली. "अजून उठतो का हो?"

"उठतो. पण पाठीवर हात ठेवला की लगेच शांत होतो," कंपाउंडर बोलून गेला.

ड्रायव्हरने मान खाली घातली.

"बरं झालं," ताई म्हणाली. "मी लग्न होऊन गेले, तेव्हापासून मला तेवढाच घोर होता."