गेटवरचा स्टिकर

"फोन उलटा कर," हिंदुराव म्हणाले.

विजयश्रीनं केला. कॅमेऱ्यावर सकाळी लावलेला लाल स्टिकर जागच्या जागी होता. तरी त्यांनी नखानं त्याचा कोपरा चाचपला आणि वहीत काहीतरी लिहिलं. एकाच दिवसात दुसऱ्यांदा तपासणी आपलीच का, हे विचारायची सोय नव्हती.

चाकणच्या त्या कंपनीत गेला आठवडा असाच चालला होता. प्रेस मशीनमध्ये खंडूची दोन बोटं गेली. चूक त्याचीच, असं कंपनी म्हणाली. तिसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. मशीनचा सेफ्टी दरवाजा तारेनं उघडा बांधून ठेवलेला स्वच्छ दिसत होता. फोटो आतलाच होता. आणि आत जाणाऱ्या प्रत्येक कामगाराच्या फोनला गेटवर स्टिकर लागतो. एकाचाही फाटलेला सापडला नव्हता.

एचआरचे दिग्विजय साहेब स्वतः गेटवर आले होते. "हिंदुराव, घरभेदी शोधा."

"शोधतो की. जातोय कुठं त्यो?"

हिंदुराव मूळचे इथलेच. जमीन एमआयडीसीत गेली आणि त्याच जमिनीच्या गेटवर ते वीस वर्षं सिक्युरिटीत होते. आता निवृत्तीला चार महिने उरले होते. मुंगीलाही आत शिरायचं तर नोंद करावी लागते, अशी त्यांची ख्याती. ती वही मात्र ते कुणाला दाखवत नसत. कुणी जवळ आलं की मिटून टाकत.

विजयश्रीनं फोटो काढला नव्हता. पण तिच्या डब्याच्या पिशवीत एक पत्र होतं. विद्यापीठ, पत्रकारिता विभाग, मुलाखत शनिवारी सकाळी अकरा. अंबाजोगाईहून आल्यापासून शिफ्ट सांभाळत मुक्त विद्यापीठाची बी.ए. केली होती ती याच कागदासाठी. तो साहेबांच्या हाती लागला असता तर आणखी पुरावा कुणी मागितला नसता. नोकरी गेली असती, वर पोलिसांत तक्रार. मग कसलं विद्यापीठ आणि कसलं काय! तिला रात्रीची झोप नव्हती.

रजेची चिठ्ठी गेटवर दाखवावी लागते. हिंदुरावांनी ती चष्मा वर सरकवून वाचली.

"शनवारी रजा कशापायी?"

"ताप आहे, मामा."

"आज बुधवार. ताप शनवारी यायचाय व्हय?" ते हसले नाहीत. "बरं. मी बी न्हाई शनवारी. राजगुरुनगरला लगीन हाय."

तिनं चिठ्ठी घाईनं परत घेतली. गेल्या वर्षी परीक्षेच्या केंद्रावरही हा माणूस दिसला होता. भाचीला सोडायला आलोय, म्हणाला होता. तेव्हा तिला खरं वाटलं होतं. हा तर केव्हापासूनचा आपल्या मागावर आहे!

शनिवारी ती दोन बस बदलून, दहा वेळा मागे वळून बघत विद्यापीठात पोहोचली. विभागाच्या व्हरांड्यात बाकावर बसली. अकराला पाच कमी असताना जिन्यावरून इस्त्रीचा शर्ट घातलेले हिंदुराव वर आले. काखेत फाइल, हातात तीच वही. ते सरळ तिच्या शेजारी येऊन बसले.

"ताप उतरला वाटतं."

"मामा, पाया पडते तुमच्या. फोटो मी नाही काढला."

"ठाव हाय मला."

"मग साहेबांना माझं नाव नका ना सांगू."

"सोमवारी सांगणारच हाय मी सायबाला, कोण त्यो." त्यांनी वही फाइलवर नीट ठेवली. "आठ दिस झालं, लई झालं आता."

विजयश्रीला रडू फुटायचंच बाकी होतं. एवढं शिकून शेवटी इथं, या बाकावर सगळं संपणार होतं.

दार उघडलं. शिपायानं यादी पाहिली.

"पुढचे उमेदवार, हिंदुराव सांडभोर!"

हिंदुराव उठले. शर्ट खाली ओढून त्यांनी सारखा केला, फाइल आणि वही छातीशी धरली, आणि खिशातला फोन काढून तिच्या हातावर ठेवला.

"आत फोन नेऊ देत न्हाईत म्हनं. तेवढा धर, पोरी."

ते आत गेले. विजयश्रीनं फोन सवयीनं उलटा केला. कॅमेरा उघडाच होता. स्टिकर लावणाऱ्याला स्टिकर कोण लावणार?