मशीनवरचे कुंकू

"मशीनवर हा लाल डाग कसला?" व्हिएतनामहून लिन्हने व्हिडिओवर विचारले.

माझे लेथ मशीन आता ती चालवत होती. तिकडे कर कमी, म्हणून कंपनीने चाकणचा कारखाना तिकडे हलवला होता. तिला शिकवून होईपर्यंतच माझी नोकरी होती.

डाग कुंकवाचा होता. दर दसऱ्याला मीच ते लावायचो. तिचा तळहात मशीनवर अलगद टेकलेला पाहून माझ्या आत काहीतरी जळले.

"गंज आहे. पुसून टाका."

शिकवणीचा शेवटचा दिवस दसऱ्यालाच आला. पडद्यावर डाग तसाच होता आणि शेजारी तिने ठेवलेली पिवळी फुले.

"पुसला नाही," ती संकोचून म्हणाली. "कुणीतरी मायेने लावला असेल, असे वाटले."

झेंडूचा हार हातात धरून मी मशीनच्या रिकाम्या जागेपाशी उभा होतो. आता मला मशीनचाच हेवा वाटू लागला. त्याला त्याचे माणूस मिळाले होते.