सारख्या बाटल्या

सुनीती सिस्टरच्या हातून सिरिंजमध्ये इंजेक्शनच्या पाण्याऐवजी हृदय बंद पाडणारं पोटॅशियम भरलं गेलं आणि सात वर्षांची खातून जागच्या जागी गेली. दोन्ही बाटल्या एकाच आकाराच्या, एकाच निळ्या झाकणाच्या, एकाच फळीवर शेजारी शेजारी. हॉस्पिटलने सिस्टरला कामावरून काढलं आणि प्रकरण मिटवलं.

तेव्हापासून डोळे मिटले की सुनीतीला ते निळं झाकण दिसायचं. महिन्याभराने एका दुपारी तिच्या कोथरूडच्या घराची बेल वाजली. दारात खातूनचे वडील उभे होते, सुतारकाम करणारे मकबूलभाई.

"शिव्या द्या मला," ती कशीबशी म्हणाली, "पण असे गप्प उभे राहू नका."

मकबूलभाई म्हणाले, "हॉस्पिटलातल्या त्या फळीपुढे उभा राहून आलो, सिस्टर. दोन्ही बाटल्या हातात घेतल्या. मलाही ओळखता आल्या नाहीत."

त्यांनी कानामागची पेन्सिल काढली.


"हॉस्पिटलला नवं कपाट करून देतोय. कुठली बाटली कुठल्या बाटलीपासून लांब ठेवायची, ते तुम्ही सांगा."