निरोगी, क्रमांक नऊ

गजर साडेपाचचा होता. तिला त्याआधीच जाग आली. तिने पातेलंभर पाणी गरम केले, त्यात दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवले आणि पाणी निवेपर्यंत ओट्याशी उभी राहिली. मुठी वळू लागल्यावर चहा केला. वेणीच्या भानगडीत न पडता केसांना चाप लावला. निघताना कुलपातली किल्ली डाव्या हाताने फिरवली. बारा वर्षे पिपेट धरणाऱ्या हातांचे एवढे लाड पुरवावेच लागतात, असे तिने स्वतःला कधीच पटवून दिले होते, आणि तिचे म्हणणे खोडून काढायला घरात दुसरे कोणी नव्हते.

सात वाजता ती चौथ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत पोहोचली. रात्रभर यंत्राने मोजलेले आकडे पडद्यावर आले होते.

प्रयोग साधा होता. रक्तातल्या कोवळ्या टी-पेशी जन्मतः राखणदारही नसतात आणि हल्लेखोरही नसतात. आजूबाजूच्या पेशी त्यांना सायटोकाइन नावाचे रासायनिक निरोप धाडतात आणि त्या निरोपांवर त्यांचा स्वभाव ठरतो. केवळ शांततेचा निरोप मिळाला, तर निरोगी माणसाच्या बहुतेक पेशी राखणदार होतात. शंभरात दोन-तीन बिथरतात. संधिवाताच्या रुग्णांत मात्र तोच निरोप ऐकून शंभरात दहा-बारा हल्लेखोर निघतात आणि स्वतःच्याच सांध्यांवर तुटून पडतात. कुंपणानेच शेत खावे, तसा हा आजार.

निरोगी गटातल्या क्रमांक नऊचा आकडा अकरा होता. तिने तिसऱ्यांदा केलेला प्रयोग होता हा.

तिने आधीच्या दोन हिवाळ्यांतले, गोठवून ठेवलेले त्याच क्रमांकाचे नमुनेही लावले होते. पहिल्या वर्षी तीन. दुसऱ्या वर्षी सहा.

क्रमांकांमागची नावे प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या सरांच्या कपाटातल्या वहीत बंद होती. पण कुपीवर तारीख असते, आणि आपली शीर कोणत्या दिवशी टोचली हे कोणी विसरत नाही. निरोगी माणसे कमी पडली, की प्रयोगशाळेतल्यांनीच बाही वर करायची, अशी तिथली रीत होती.

तिने फाइलमधून क्रमांक नऊचे तिन्ही अर्ज काढले. प्रश्न सहावा तिनेच तयार केलेला होता : सकाळी उठल्यावर सांधे आखडतात का? तिन्ही वर्षी, तिच्याच हाताने, 'नाही' वर खूण होती. खोटे बोलल्याचे तिला आठवेना. प्रश्न रुग्णांसाठी आहे, एवढेच तेव्हा मनात असावे.

साडेनऊला सर आले. लेख परवा पाठवायचा होता. ते उभ्याउभ्याच आकडे वाचू लागले.

"हा नऊ नंबर काय म्हणतोय?"

"तीनदा पाहिलं, सर. अकराच येतोय."

"वीस जणांत एखादा वाकडा निघायचाच. वगळ त्याला. एकोणीस पुरतात."

"वगळायचं तर कारण लिहावं लागेल."

"लिही, नमुना खराब झाला. एका नासक्या आंब्यापायी अख्खी अढी कशाला घालवायची?"

"नमुना चांगला होता, सर."

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "मग काय करायचं म्हणतेस?"

"निरोगींतून काढायचा, आणि का काढला ते खरं लिहायचं. गणित सगळं नव्यानं करावं लागेल. परवा नाही जमायचं."

"तीन महिने जातील त्यात. कळतंय ना? तुझी नेमणूक या लेखावर अडलीय, माझी नाही."

"कळतंय."

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. मग म्हणाले, "बरं. पण मग त्या माणसाला कळवायला हवं. नुसत्या आकड्यावरून आजार ठरत नाही, डॉक्टरांनी तपासायला हवं."

"तिला कळलंय."

सरांची नजर कपाटाकडे गेली. किल्लीसाठी खिशाकडे निघालेला हात मात्र मध्येच थांबला. ते स्टूल ओढून बसले.

"घरी कोण असतं तुझ्या?" त्यांनी हळूच विचारले.

"मी असते, सर."

तक्ता उघडून तिने निरोगींच्या रकान्यातली नववी ओळ खोडली. कारणाच्या जागी लिहिले : 'अर्जातील माहिती चुकीची. सहाव्या प्रश्नाचे उत्तर होय.' खाली तारीख घालून सही केली आणि पान सरांपुढे सरकवले. त्यांनी न वाचताच त्यावर सही केली.

मग ती जिन्याने तळमजल्यावर उतरली. बाह्यरुग्ण विभागातली परिचारिका तिला पाहून हसली. "आलात का रक्तपिपासू? आज कितीजणांचं हवंय?"

"आज नाही. केस-पेपर काढायचाय."

"कोणाच्या नावे?"

तिने नाव सांगितले. परिचारिकेने लिहायला घेतलेले पेन क्षणभर थबकले, मग तिने खाली मान घालून कागद पुरा केला.

भिंतीलगतच्या बाकांवर माणसे बसली होती. यांतल्या कित्येकांच्या पेशी तिने वर मोजल्या होत्या. चेहरे आज प्रथमच नीट पाहत होती. तिने पांढरा कोट उतरवून हातावर घेतला.

"शेवटचा नंबर कोणाचा?" तिने विचारले.

"माझा," कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, आणि मांडीवरची पिशवी उचलून थोड्या सरकल्या.