हलकं कणीस

बालवाडीच्या मुख्याध्यापिका शेवडेबाईंनी चार वर्षांच्या जुईचा जनुकीय अहवाल तिच्या आईपुढे, अनघापुढे, सरकवला. "मुलगी गोड आहे हो, पण नाव लाल आलंय. लाल मुलं आम्ही घेत नाही."

अनघाने कागद उचलून वरपासून खालपर्यंत वाचला. "अहो, हा माझा प्रोग्रॅम आहे! ज्वारीसाठी लिहिलेला!"

पीएच.डी.च्या वेळी ती रोपांची जनुकं तपासायची. वाफ्यात वीसच रोपं मावायची. प्रोग्रॅम सर्वांत सरस वीस हिरवी दाखवायचा, बाकीची लाल, म्हणजे उपटून टाकायची. मुलांवर वापरताना कुणी शेवटचा रकानासुद्धा बदलला नव्हता. जुईच्या नावापुढे छापलं होतं, 'कणीस : हलकं'.

"अगंबाई, तुम्ही केलंय हे?" बाईंनी खुशीत संगणक तिच्याकडे वळवला. "मग करा की हिरवं. घरचंच काम!"

अनघाने दाराबाहेर खेळणाऱ्या जुईकडे पाहिलं आणि बटण दाबलं. जुई हिरवी झाली. त्याच क्षणी हिरव्या यादीतलं विसावं नाव, निनाद तुपे, आपोआप लाल झालं.

"जागा वीसच ना," म्हणत बाईंनी हाक मारली, "निनादची आई, या आत."

अनघाने बोट ओढणीला पुसलं, पुन्हा पुसलं. आत येणारी बाई तिच्याकडे पाहून हसली. "झालं का हो तुमच्या जुईचं?"